मावशींचे हात आणि रबराची कातडी



गेल्या महिन्यात आठवीच्या एका विद्यार्थिनीने वर्गात वर्तमानपत्राचे कात्रण आणले. यंत्रमानवाच्या हातासाठी मऊ कातडी तयार होत असून तिला स्पर्श कळतो, अशी ती बातमी होती. मुलगी म्हणाली, "सर, २०२३ साली आपले यान चंद्रावर उतरले. मग साधी कातडी बनवायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षे का लागतात?"

प्रश्न चांगला होता. "वार्तापत्रात सविस्तर उत्तर देऊ," असे आम्ही सांगून टाकले. लिहायला बसलो तेव्हा मात्र बातमीतला यंत्रमानव बाजूला राहिला आणि आमच्या डोळ्यांपुढे शाळेच्या स्वयंपाकघरातील एका मावशींचे हात आले. म्हणून त्या हातांपासूनच सुरुवात करतो.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची आहे. दुपारच्या भोजनासाठी भात आणि वरण शिजवणाऱ्या त्या मावशी चुलीवरचे तापलेले पातेले सांडशी न घेता, फडकेही न घेता सरळ हाताने उतरवीत. मुले टाळ्या वाजवीत. "मावशींना चटकाच लागत नाही!" असा बोलबाला शाळाभर झाला. आम्हीही एका सभेत कष्टाळू हातांचे उदाहरण म्हणून त्यांचे कौतुक केले. त्या हातांवर फोड येतात, ते फुटतात आणि तरीही मावशी "काही होत नाही" म्हणतात, याचा अर्थ काय, हे आम्ही स्वतःला विचारले नाही. विज्ञानाचे पदवीधर असूनही विचारले नाही. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मुलीच्या प्रश्नाचे उत्तर.

मित्रांनो, कातडी ही साधी वस्तू नाही. माणसाच्या एका तळहातात दाब, ताण आणि कंप ओळखणारी सुमारे १७ हजार सूक्ष्म ग्राहके असतात. ती सगळी एकाच थरात पसरलेली नसतात. काही अगदी वर, बोटांच्या ठशांच्या रेषांखाली असतात. काही मधल्या थरात, तर काही खूप खोल असतात. हलका स्पर्श वरच्यांना कळतो, कातडी ताणली गेल्याचे मधल्यांना कळते आणि दुरून येणारा कंप खोल असणाऱ्यांना कळतो. वेदना आणि उष्णता सांगणारी मज्जातंतूंची उघडी टोके वेगळीच. म्हणजे कातडीला लांबी आणि रुंदी आहे, तशी कामाची खोलीही आहे. म्हणूनच डोळे मिटून हात खिशात घातला तरी नाणे कोणते आणि किल्ली कोणती हे आपल्याला कळते.

आता अडचण पाहा. विजेवर चालणारे संवेदक, ज्यांना आपण सेन्सर म्हणतो, ते धातू आणि सिलिकॉन यांपासून बनतात. सिलिकॉन काचेसारखे ठिसूळ असते. कोपर वाकवले की तेथील कातडी ताणली जाते, मूठ मिटली की बोटांवर सुरकुत्या पडतात. अशा जागी कडक पट्टी लावली तर ती एक तर तुटते, नाही तर सुटून येते. त्यामुळे प्रश्न असा झाला की, जो पदार्थ मुळात ताणला जात नाही, त्यापासून ताणली जाणारी वस्तू कशी करायची?

याचे उत्तर शास्त्रज्ञांना नव्या पदार्थापेक्षा आकारात अधिक सापडले. हे आकार तुमच्या घरी आहेत.

पहिला आकार दिवाळीच्या आकाशकंदिलाचा. कागद ओढला तर फाटतो. पण त्याला ओळीने आडव्या चिरा दिल्या आणि मग हलके ओढले, तर तोच कागद जाळीसारखा उघडतो, लांबतो आणि गोल उभा राहतो. कागद तोच आहे, चिरांनी त्याला वळायला जागा दिली एवढेच. पातळ धातूच्या पत्र्याला आणि प्लास्टिकच्या पडद्याला अशाच बारीक चिरा देऊन ताणले जाणारे संवेदक बनवता येतात.

दुसरा आकार फ्रॉकच्या कमरेचा. शिलाई करणाऱ्या आपल्या माता-भगिनी काय करतात? इलॅस्टिक ताणून धरतात, त्यावर सरळ कापड शिवतात आणि इलॅस्टिक सोडतात. ते आखडते आणि कापडाला सुंदर चुण्या पडतात. पुन्हा ओढले की चुण्या उलगडतात, शिवण तुटत नाही. अमेरिकेतील जॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली हीच युक्ती सिलिकॉनवर केली. ताणलेल्या रबरावर सिलिकॉनच्या अतिशय पातळ फिती चिकटवल्या आणि रबर सोडले. फिती लाटांसारख्या झाल्या आणि रबराबरोबर ताणू-आखडू लागल्या. २०११ साली त्यांच्या गटाने कातडीवर चिकटणारी इतकी पातळ विद्युतपट्टी दाखवली की ती जत्रेत मिळणाऱ्या, पाणी लावून हातावर उमटवायच्या चित्रासारखी दिसत होती. केसलापूरच्या नागोबा जत्रेत हातावर फुलपाखरू उमटवून आलेल्या मुलांना हे लगेच समजेल. २०१५ साली तर त्यांनी सपाट नक्षी काही ठराविक ठिपक्यांवरच रबराला चिकटवली. रबर सोडताच मधला भाग आपोआप वर उचलला गेला आणि बारीक कमानी, पेट्या व मनोरे उभे राहिले. उघडताच चित्र उभे राहते अशी पुस्तके लहान मुलांसाठी मिळतात, तसेच हे झाले.

तिसरा आकार स्पंजाचा. स्पंजात पदार्थ थोडा आणि हवेच्या पोकळ्या जास्त. त्यात वीज वाहून नेणारा कार्बन मिसळला की दाबल्यावर पोकळ्या मिटतात, भिंती एकमेकींना टेकतात आणि वीज अधिक सोपेपणाने वाहते. किती दाबले ते विजेवरून मोजता येते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ यांच्या गटाने २०१० साली रबराच्या पडद्यावर डोळ्यांना न दिसणारे इवलेसे पिरॅमिड उभे केले. सपाट रबर हलक्या भाराने दबत नाही, पण पिरॅमिडचे टोक लगेच दबते. त्या पडद्याला एखाद्या माशीएवढा भारही कळला. आणि २०२४ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी असे संवेदक आपल्या कातडीप्रमाणे निरनिराळ्या खोलीवर मांडून त्रिमितीय कातडी तयार केली. वस्तू किती मऊ आहे आणि तिचा पृष्ठभाग किती वळलेला आहे, हे ती स्पर्शाने सांगते.

तेव्हा, बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. कातडी बनवायला वेळ लागतो, कारण तिला एकाच वेळी मऊ, ताणणारी, टिकाऊ आणि जाणणारी व्हायचे असते, तेही निरनिराळ्या खोलीवर.

पण अशी कातडी हवी कोणाला? बातमीत यंत्रमानव होता. आमच्या मते तिची खरी गरज ज्यांना आहे, ते आपल्या शेजारचे आहेत.

पैनगंगा ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यात गेले की वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी १९५१ साली सहा कुष्ठरुग्णांना बरोबर घेऊन ते वसवले. इकडे हैदराबादच्या वाटेवर निजामाबाद जिल्ह्यातील डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल केर आणि त्यांच्या पतींनी त्याच्याही आधी, १९१५ च्या सुमारास, कुष्ठरुग्णांसाठी काम उभे केले. आपल्या आदिलाबादच्या उत्तरेला आणि दक्षिणेला अशी ही दोन ठिकाणे आहेत. आपल्या आजी-आजोबांना ती माहीत होती, पण घरात त्यांचे नाव हळू आवाजात घेतले जाई.

कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असे लोक समजत आणि आजही समजतात. ते खरे नाही. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू ओळखला. हा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो आणि वेदना जाते. वेदना गेली की माणूस तापलेले भांडे धरून ठेवतो, खिळा टोचलेल्या पायाने कोसभर चालतो, जखम वाढत जाते. बोटे जातात ती अशी. ही गोष्ट तामिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी चिकाटीने दाखवून दिली. बाबा आमटे आणि ब्रँड दोघांचाही जन्म १९१४ चा. ब्रँड भारतातच, तामिळनाडूच्या डोंगराळ भागात जन्मले आणि १९४६ साली वेल्लोरला शल्यचिकित्सक म्हणून आले. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळले की उंदीर बोटे कुरतडीत आणि झोपलेल्या रुग्णाला जाग येत नसे. उपाय म्हणून रुग्णांना मांजरे देण्यात आली. वेदना ही केवढी मोठी राखणदार आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणते पुस्तक सांगेल?

रुग्णांच्या पायांसाठी सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ रबराच्या चपला आल्या. तो स्पंजाचाच आकार. दाब एका जागी साचू न देता तो सगळ्या तळव्यावर पसरवतो. या चपला कुष्ठरुग्णांना आजही दिल्या जातात.

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी आणि अभियंत्यांनी एक मोठा प्रयत्न केला. रुग्णांच्या हातमोज्यांत आणि मोज्यांत दाब मोजणारे संवेदक बसवले. धोका आला की कानाशी आवाज व्हावा, अशी योजना होती. म्हणजे आज ज्या कातडीची बातमी येते, तिची ही आजीच. पण प्रयत्न फसला. संवेदक महाग होते आणि राबणाऱ्या हातात लवकर बिघडत. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करीत. मग आवाजाऐवजी शरीराच्या जाणीव शिल्लक असलेल्या भागाला विजेचा झटका देऊन पाहिले. तेव्हा अवघड काम आले की काही रुग्ण आधी यंत्राचे बटण बंद करीत आणि काम झाले की पुन्हा चालू करीत.

या अपयशाचे दोन भाग आहेत. हातावर टिकेल असा संवेदक नव्हता, हा पहिला भाग. आकाशकंदील, फ्रॉकच्या चुण्या आणि स्पंज यांच्या आकारांनी तो आज बराच सोडवला आहे. इशारा मिळूनही माणूस बटण बंद करतो, हा दुसरा भाग. तो कोणत्याही प्रयोगशाळेत सुटलेला नाही. आणि येथेच आम्हाला आमच्या मावशींकडे परत यावे लागते.

त्या वर्षी प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक कार्यकर्ती मुलांच्या तपासणीसाठी शाळेत आली होती. तिचे लक्ष मावशींच्या हातांकडे गेले. तिने त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनचे टोक तळहातावर ठिकठिकाणी हळूच टेकवले. "कुठे लागलं ते बोट ठेवून दाखवा," असे ती म्हणत होती. मावशी डोळे मिटून उभ्या होत्या. पेन चार ठिकाणी टेकले. मावशींनी एकदाही बोट ठेवले नाही.

निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या. बातमी मात्र गोळ्यांच्या आधी गावात पोचली. दुसऱ्या दिवशी काही पालक आमच्याकडे आले. त्यांना आपल्या मुलांची काळजी होती. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग पसरणे थांबते, शेजारी बसल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा रोग लागत नाही, हे त्या कार्यकर्तीने आम्हाला समजावून सांगितले होते. आम्ही ते पालकांना समजावून सांगायला हवे होते. आम्ही तसे केले नाही. शाळेचे नाव, पटसंख्या, लोकांची चर्चा यांचा विचार केला आणि मावशींना म्हणालो, "काही दिवस घरी आराम करा." त्या काही दिवसांचे दीड वर्ष झाले.

उपचार पूर्ण झाल्यावर एकदा त्या शाळेच्या फाटकाशी भेटल्या. हातावर जुन्या चट्ट्यांच्या खुणा होत्या. आम्ही विचारपूस केली. त्या कसलाही राग न धरता म्हणाल्या, "हात भाजला ते नाही कळलं गुरुजी. तुम्ही घरी पाठवलं ते कळलं."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मावशींच्या हातातील मज्जातंतू एका जंतूने निकामी केले होते. आमचे तर शाबूत होते. आम्हाला इशारा मिळाला होता, आणि अवघड काम पुढे आले म्हणून आम्ही बटण बंद केले होते.

त्यानंतर व्यवस्थापन समितीपुढे सगळी हकिगत मांडली आणि मावशी पुन्हा कामावर आल्या. पहिल्या दिवशी आम्ही त्यांच्या हातचा भात मुलांच्या पंगतीत बसून खाल्ला. दोन पालक पाहायला आले होते, तेही मग बसले. स्वयंपाकघरात लांब दांड्याची भांडी आणि जाड हातमोजे आले. मावशी रोज संध्याकाळी आपले हात-पाय डोळ्यांनी तपासत. त्यांच्या हातांची गेलेली जाणीव परत आली नाही, पण पुन्हा मोठी जखमही झाली नाही. आता त्या वयोमानाने घरी असतात.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत कोणाच्या दुःखात सहभागी होण्याला 'संवेदना प्रकट करना' म्हणतात. मराठी शाळेत शिकवू लागल्यावर विज्ञानाच्या पुस्तकात 'संवेदना' हा शब्द त्वचेच्या धड्यात भेटला, तेव्हा आम्हाला तो विचित्र वाटला होता. आता वाटत नाही. आपल्याला लागलेले कळणे आणि दुसऱ्याला लागलेले कळणे, या दोन्हींना एकच शब्द आहे हे बरोबरच आहे.

आता थोडे कामाचे. भारतात डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी झाले. पुष्कळांचा समज झाला की रोग संपला. तो संपलेला नाही. जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. दरवर्षी ३० जानेवारीला, महात्मा गांधींच्या पुण्यतिथीला, कुष्ठरोगाविषयी जागृतीचा कार्यक्रम होतो. शासनाने त्या अभियानाचे नाव 'स्पर्श' ठेवले आहे, यापेक्षा योग्य नाव सापडले नसते.

पालकांना विनंती की, मुलाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल तर लपवू नका. आरोग्य केंद्रात औषध मोफत मिळते आणि साधारण सहा महिने ते एक वर्षात उपचार पूर्ण होतो. मज्जातंतू खराब होण्याआधी गेले तर हात-पाय वाचतात. घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर त्यांचे तळपायही रोज पाहा, कारण मधुमेहातही पायांची जाणीव जाऊ शकते. डॉक्टर ती तपासताना नायलॉनचा एक जाड धागा पायाला टेकवतात. तो १० ग्रॅम भाराला वाकतो. धागा वाकला तरी रुग्णाला कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजतात. इतके साधे साधन, पण काम मोलाचे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक प्रयोग. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या दुकानात चिप खोचून ठेवलेला काळा फोम असतो. त्याचा तुकडा मागून आणा. तो दोन नाण्यांमध्ये ठेवा, नाण्यांना मल्टिमीटरच्या तारा लावा आणि रोध मोजा. आता हळूहळू दाबा. आकडा कमी होत जाईल. तुम्ही तयार केलेली ही पहिली कातडी. निरीक्षणे वहीत लिहून आमच्याकडे आणा.

विश्वस्त मंडळाला एवढीच विनंती की, प्रयोगशाळेसाठी चार मल्टिमीटर आणि स्वयंपाकघरासाठी हातमोज्यांचे नवे जोड या वर्षी मंजूर करावेत. रक्कम मोठी नाही.

आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला, तिला सांगायचे राहिले. बाळ, तुम्ही मुले उद्या अशी कातडी नक्की बनवाल. ती मावशींसारख्या एखादीच्या हातावर बसवाल, तेव्हा तिच्याजवळ बसून विचारा, "आता लागतं का?" उत्तर येईपर्यंत थांबा. आम्ही त्या वेळी थांबलो नव्हतो.

आपला,
मुख्याध्यापक